दाबण्याआधी लिहा, दाबल्यावर कागद बदला: ठाण्याच्या दमट हवेत चपटे वनस्पती-नमुने सुकवण्याची रीत

दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास आमच्या बिल्डिंगमधली दोन-तीन मुलं जाडजूड पुस्तक छातीशी धरून दारात उभी राहतात. पुस्तक उघडलं की आधी कुबट वास येतो. मग काळं पडलेलं जास्वंदीचं पान दिसतं, त्यावर पांढरी बुरशी आणि समोरच्या छापील पानावर तपकिरी डाग. "काकू, आम्ही नीट दाबून ठेवलं होतं. वर डिक्शनरी पण ठेवली होती." ठेवली असणारच. वजन कमी पडलेलं नसतंच मुळी.

कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्राची प्रात्यक्षिकं घेताना हेच दोन घोटाळे मी वर्षानुवर्षं पाहिले. पहिला, मुलांना वाटतं दाबलं की पान सुकतं. दाबल्याने एवढंच होतं की पान सुरकुतत नाही; सुकतं ते कागदाने पाणी ओढून घेतल्यामुळे, आणि एकदा भिजलेला कागद आणखी पाणी ओढत नाही. दुसरा घोटाळा लक्षात यायला वेळ लागतो. दाबल्यावर सगळंच चपटं होतं. मग जे मुळातच चपटं होतं ते, आणि आपण चपटं केलं ते, यातला फरक कागदावर उरत नाही. ज्या नमुन्याचा विषयच 'चपटे अवयव' आहे, म्हणजे चपटं दिसणारं पान, देठ की खोड हे दाखवायचं आहे, त्याची तर त्यात वाटच लागते.

टप्पा १: सामान आणि जागा

नमुना आणण्याआधी दाबयंत्र तयार पाहिजे. साधारण ३० × ४५ सेंटिमीटरचे प्लायवूडचे दोन तुकडे घ्या. कुठेही फर्निचरचं काम चालू असेल तर सुतार उरलेले तुकडे देतो. दोन पट्टे, बॅगेला लावतात तसे. टिपकागदाचे दोन संच. संच दोनच का, ते सहाव्या टप्प्यात येईल, पण एकावर भागवू नका. खोक्यांचे पुठ्ठे, ज्यांच्या आत बारीक नळ्या असतात ते. ते असे कापा की नळ्या आडव्या, म्हणजे कमी लांबीच्या दिशेने जातील आणि हवा लवकर आरपार जाईल. शिवाय रद्दीतली वर्तमानपत्रं.

सावध: पुरवणीचा चकचकीत कागद घेऊ नका. तो पाणी शोषत नाही आणि पान त्याला चिकटतं.

आता आणायचं कुठून? येऊरचा डोंगर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथून परवानगीशिवाय पान तोडणंही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये बसत नाही. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा पट्टा आणि खाडीकाठची खारफुटी यांनाही हात लावायचा नाही, मग शाळेचा प्रकल्प असो की आणखी काही. तशी गरजही नाही. मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी होते, तेव्हा सोसायट्यांच्या फाटकाबाहेर पडलेल्या ढिगात करंज, गुलमोहर, सोनमोहर, आंबा, पिंपळ सगळं मिळतं. उरलेलं आपल्या गॅलरीतल्या कुंड्यांत असतं.

पावसात भिजलेली डहाळी थेट दाबू नका. संध्याकाळी आणा, देठ पेल्यातल्या पाण्यात बुडवून रात्रभर पंख्याखाली ठेवा. सकाळी पानं टवटवीत असतात आणि वरचं पाणी वाळलेलं असतं. घाईघाईने फडक्याने पुसायला गेलं की पानावरची लव निघून जाते.

टप्पा २: चपटं दिसतंय ते नक्की काय आहे?

इथे घाई करू नका. सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर निदान हा टप्पा वाचा.

ठाणे-नवी मुंबईत जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या गॅलरीत ब्रह्मकमळ म्हणून एक कुंडी असते. लांब, हिरव्या, पट्ट्यासारख्या 'पानांची'. पावसाळ्यात रात्री पांढरं मोठं फूल उमलतं, शेजारीपाजारी बघायला येतात आणि कुणीतरी म्हणतंच, "बघा, पानातून फूल येतं!" पानातून नाही येत. ते पान नव्हे, चपटं झालेलं खोड आहे. हे झाड निवडुंगाच्या कुळातलं. त्याच्या कडेला ज्या खाचा दिसतात तिथे डोळे, म्हणजे नवा कोंब किंवा कळी जिथून फुटते त्या जागा, असतात आणि कळी त्या डोळ्यातून निघते. फड्या निवडुंगाचे पंजेही तसेच, खोडच. फरक इतकाच की तिथे डोळ्यांपाशी काटे आहेत.

दुसरं उदाहरण रस्त्यावरचं. ऑस्ट्रेलियन बाभूळ, म्हणजे अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस. वनीकरणात ती भरपूर लावली गेली. तिची कोयत्यासारखी वाकडी, लांबट पानं सगळे 'पानं' म्हणूनच चिकटवतात. प्रत्यक्षात तो चपटा झालेला देठ आहे. खरं पान, म्हणजे आपल्या बाभळीसारखं पिसांचं, फक्त कोवळ्या रोपाला येतं. मोठ्या झाडाखाली बोटभर उंचीचं रोप उगवलेलं दिसलं तर तेच घ्या. खाली पिसांची पानं, मध्ये देठ रुंद होत चाललेला आणि वर नुसता चपटा देठ, असं सगळं स्थित्यंतर एकाच नमुन्यात दिसतं. दहा फांद्यांपेक्षा असं एक रोप मोलाचं.

ओळखायचं कसं? डोळा शोधा.

चपट्या भागाच्या बुडाशी, तो फांदीला जुळतो त्या बेचक्यात डोळा असेल, तर तो भाग पान किंवा पानाचा देठ. आंब्याला बेचक्यात डोळा दिसेल, ऑस्ट्रेलियन बाभळीलाही दिसेल. डोळे त्या चपट्या भागाच्या अंगावर किंवा कडेला असतील, तिथून फूल किंवा नवी फांदी फुटत असेल, तर ते खोड.

यावर मुलं हमखास विचारतात, मग पानफुटीचं काय? बरोबर आहे, पानफुटीच्या पानाच्या कडेला रोपं फुटतात. पण ते खरंच पान आहे: बुडाशी बेचक्यात डोळा असतो आणि कडेला फुलं कधी येत नाहीत, नुसती रोपं येतात. वहीत हा अपवाद लिहून ठेवा, तोंडी परीक्षेत विचारतात.

चपटेपणाची दिशाही पाहायची. वाशी किंवा ठाण्याच्या मासळी बाजारात गेलात तर पापलेट आणि पाकट शेजारी ठेवून बघा. पाकट वरून-खालून दाबल्यासारखी: वरची बाजू गडद, पोटाची फिकी. पापलेट दोन्ही कुशींनी दाबल्यासारखं, उभं पोहणारं, दोन्ही बाजू सारख्या. आंब्याचं पान पाकटीसारखं आहे: वरचा भाग गडद, कारण उजेड पकडणाऱ्या पेशी तिथे दाटीने उभ्या असतात, खालचा फिका. ऑस्ट्रेलियन बाभळीचा देठ पापलेटच्या चालीचा. तो बहुधा कडेवर उभा लटकतो, दोन्ही बाजू सारख्याच हिरव्या, आणि दुपारचं डोक्यावरचं ऊन अंगावर कमी घेतो. (लेपा नावाचा मासा मात्र मुळात पापलेटसारखा असून आडवा पडून पाकटीसारखा जगतो, एका कुशीचा डोळाही दुसऱ्या कुशीवर सरकवतो. त्याची गंमत इथे पुरवत बसले तर पानं सुकायची राहतील.)

तपासा: दोन्ही बाजूंचा रंग सारखा आहे का? बुडाशी डोळा आहे का? कडेला खाच, काटा किंवा कळी आहे का? ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

टप्पा ३: दाबण्याआधीची नोंद

एकदा दाबलं की तीन गोष्टी कायमच्या जातात: रंग, जाडी आणि अवयव कसा धरलेला होता ती ढब. म्हणून नोंद आधी, पेन्सिलीने, झाडाजवळ उभं राहूनच.

तारीख, ठिकाण ('ठाणे' एवढं नको, 'कोपरी, सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत' असं), झाडाची उंची, फुलाचा रंग, वास, चीक निघतो का. चपटा भाग आडवा होता की कडेवर उभा. आणि जाडी. एका पानाची जाडी पट्टीने मोजता येत नाही, म्हणून शिरा टाळून पानाचे सारखे दहा तुकडे कापा, एकावर एक ठेवा, मोजा आणि दहाने भागा. ब्रह्मकमळासारख्या जाड पट्ट्याला ब्लेडने आडवा छेद द्या आणि दिसतो तसा वहीत काढा. मधली जाड शीर आणि दोन्ही बाजूंना पसरलेले पंख, हे त्या छेदात जितकं स्वच्छ दिसतं तितकं दाबलेल्या नमुन्यात कधीच दिसणार नाही.

प्रत्येक डहाळीला दोऱ्याने कागदाचा छोटा क्रमांक बांधा आणि तोच क्रमांक वहीत. "लक्षात राहील" असं म्हणणाऱ्यांच्या चौदा डहाळ्या शेवटी निनावी राहतात.

टप्पा ४: जाड आणि रसाळ नमुने आधी मारायचे

शब्द कठोर आहे, पण काम तेच. रसाळ खोड दाबात मरत नाही. माझा स्वतःचा पहिला ब्रह्मकमळाचा तुकडा मी नुसताच कागदात घालून पलंगाच्या गादीखाली सरकवला होता. अठरा दिवसांनी काढला तर त्याच्या एका खाचेतून फिकट पिवळा कोंब आलेला. तो आत बसून आरामात जगत होता, आणि शेजारच्या सगळ्या पानांना बुरशी देत होता.

ब्रह्मकमळ, पानफुटी, घोळ असे नमुने उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट बुडवा, चिमट्याने काढा, टिपकागदावर निथळू द्या. रंग थोडा उतरतो, इलाज नाही. गॅसजवळचं हे काम मोठ्यांनी करावं. नाहीतर पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. बर्फाने पेशी फुटतात आणि मग पाणी लवकर सुटतं.

फड्या निवडुंगाचा पंजा एवढ्याने भागत नाही. तो दोन पाळ्यांत उभा चिरायचा, चमच्याने आतला गर खरवडून काढायचा, आतून मीठ भुरभुरायचं आणि काट्यांसकट साल दाबायची.

सावध: मोठे काटे दिसतात तरी. खरा त्रास डोळ्यांभोवतीच्या बारीक, केसासारख्या कुसळांचा. ती हातात घुसली की दिसतही नाहीत आणि दोन दिवस टोचत राहतात. जाड हातमोजे आणि चिमटा. घुसलीच तर चिकटपट्टी लावून उपटा, चोळू नका.

लाकडी जाड डहाळी असेल तर मागच्या बाजूने उभी अर्धी तासा, नाहीतर तिच्या उंचवट्यामुळे आजूबाजूच्या पानांवर दाबच येत नाही आणि ती चुरमडतात.

टप्पा ५: मांडणी

माउंटिंगचा, म्हणजे सुकलेला नमुना शेवटी चिकटवायचा, कागद साधारण ४२ × २९ सेंटिमीटरचा असतो. नमुना त्यात मावायला हवा आणि उजवा खालचा कोपरा लेबलसाठी रिकामा राहायला हवा. लांब नमुना तोडू नका, दुमडा: एक घडी किंवा नागमोडी.

घडी घातलेल्या वर्तमानपत्रात डहाळी ठेवा. निदान एक पान उलटं करा, म्हणजे मागची बाजू दिसेल. नेच्याचं पान असेल तर हे अत्यावश्यक, कारण बीजाणूंचे ठिपके मागेच असतात. पान पानावर चढत असेल तर मध्ये कागदाचा तुकडा सरकवा, नाहीतर चढलेल्या जागी काळा डाग पडतो. फार दाटी असेल तर काही पानं कापा, पण देठ राखून. पान कुठे होतं हे कळलं पाहिजे. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या बाबतीत निदान एक बेचकं उघडं दिसेल असं ठेवा, कारण आपला सगळा पुरावा तिथे आहे.

टप्पा ६: दाब, आणि कागद बदलणं

थर असा: प्लाय, पुठ्ठा, टिपकागद, नमुना असलेलं वर्तमानपत्र, टिपकागद, पुठ्ठा. पुन्हा टिपकागद, नमुना, टिपकागद, पुठ्ठा. शेवटी प्लाय आणि पट्टे घट्ट. पट्टे नसतील तर वर दळणाचा भरलेला डबा किंवा पाण्याचा मोठा जार. १०-१५ किलो पुरे. त्याहून जास्त वजनाने पान लवकर सुकत नाही.

आता मुद्द्याचं. जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता अनेकदा ८५-९० टक्क्यांवर असते. कोरड्या प्रदेशातल्या पुस्तकांत 'चोवीस तासांनी कागद बदला' लिहिलेलं असतं. ते इथे पावसाळ्यात पुरत नाही. रात्री दाबलं तर सकाळी पहिली बदली. पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ, मग दिवसातून एकदा. ओला संच काढला की दुसरा, कोरडा संच आत जातो. ओल्या टिपकागदांवर गरम इस्त्री फिरवा, ते दहा मिनिटांत पुन्हा तयार. दोन संच त्यासाठी.

सावध: इस्त्री कागदावर. पानावर नाही. इस्त्रीखाली पान पटकन वाळतं खरं, पण तडतडीत होतं आणि चिकटवताना तुकडे पडतात. मायक्रोवेव्हचं तर नावच नको.

पहिल्या बदलीच्या वेळी नमुना लुळा झालेला असतो. मांडणी सुधारायची संधी हीच आणि एकच. दुमडलेली टोकं उलगडा, पाकळ्या बोथट सुईने पसरा. दुसऱ्या दिवसानंतर हात लावाल तर मोडेल. नाजूक फूल असेल तर वर्तमानपत्राची घडी उघडूच नका, बाहेरचे टिपकागद तेवढे बदला.

दाबयंत्र ठेवायचं कुठे? मोरीजवळच्या भिंतीला नको, खिडकीतही नको. टेबलफॅन अशा बाजूला लावा की हवा पुठ्ठ्यांच्या नळ्यांतून आरपार जाईल. घरात एसी असेल तर त्या खोलीत 'ड्राय'वर दोन-तीन तास; त्याने फार फरक पडतो. ऑक्टोबर ते मे यातलं निम्मं काम हवाच करते आणि आठ-दहा दिवसांत पानं तयार होतात. पावसाळ्यात पंधरा दिवस धरून चाला, रसाळ नमुन्यांना महिनाही लागतो.

तपासा: नमुना गालाला किंवा ओठाला हलकेच टेकवा. गार लागला तर आत अजून पाणी आहे. दुसरी खूण म्हणजे देठ धरून आडवा उचला. मान टाकली तर परत आत.

पांढरे ठिपके दिसले तर लगेच तो नमुना बाजूला. थोडेच असतील तर मऊ ब्रशने स्पिरिट लावून पंख्याखाली वाळवा (गॅस, उदबत्ती, निरांजन दूर). पसरले असतील तर फेकून द्या आणि त्याला लागलेले कागदही फेका. मुलांना कागद टाकवत नाहीत, आणि तिथूनच बुरशी पुढच्या थरात जाते.

टप्पा ७: फ्रीझर

सुकलेल्या पानांत किड्यांची अंडी असू शकतात. पूर्वी यासाठी पाऱ्याचं विषारी मीठ वापरत. घरी किंवा शाळेत त्याचा विचारही करू नका. पूर्ण सुकलेले नमुने प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. घरच्यांना पिशवीवर ठळक लिहून सांगा, नाहीतर मटारच्या पिशवीशेजारी ती कुणाच्या तरी हाती लागते.

सावध: बाहेर काढल्याबरोबर पिशवी उघडायची नाही. गार नमुन्यावर दमट हवा लागली की दव धरतं आणि पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात. काही तास जाऊ द्या, पिशवी बाहेरून कोरडी आणि कोमट लागली की मगच उघडा.

टप्पा ८: चिकटवणं आणि लेबल

फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून पातळ करा, नमुन्याच्या मागे ब्रशने ठिपके द्या, जाड कागदावर ठेवा, वर वर्तमानपत्र आणि रात्रभर हलकं वजन. जाड डहाळी पांढऱ्या दोऱ्याने दोन-तीन ठिकाणी टाका घालून बांधा. पारदर्शक चिकटपट्टी नको. वर्षभरात ती पिवळी पडते, तिचा चिकटा सुटतो आणि धूळ धरतो.

लेबल साधारण १२ × ७ सेंटिमीटर, उजव्या खालच्या कोपऱ्यात: शास्त्रीय नाव, कुळ, मराठी नाव, ठिकाण, तारीख, वहीतला क्रमांक, गोळा करणाऱ्याचं नाव. जेल पेनची शाई दमट हवेत फुटते. पेन्सिल किंवा छापील लेबल बरं. आणि आपल्या विषयासाठी एक ओळ जास्तीची: 'चपटा अवयव: खोड, डोळे कडेच्या खाचांत, जिवंतपणी जाडी अमुक मिलिमीटर'. तिसऱ्या टप्प्यातली वही इथे कामाला येते. शेंगा-बिया सुट्या झाल्या तर कागदी पाकिटात घालून त्याच कागदावर लावा. वावळाचं चकतीसारखं पंखवालं फळ किंवा टेटूच्या पातळ पापुद्र्याच्या बिया गोंदाने चिकटवल्या की तो पंख कायमचा सुरकुततो.

तयार कागद घट्ट झाकणाच्या डब्यात, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या. कसर कागद आणि गोंद दोन्ही खाते, म्हणून दर महिन्याला एकदा डबा उघडून कोपरे बघा.

जे चपटं आहे पण दाबायचं नाही

पावसाळ्यात ओलसर मातीवर आणि कंपाउंडच्या भिंतीला हिरव्या चकत्या चिकटलेल्या दिसतात, टोकाला दोन-दोन फाटे फुटलेल्या. रिक्सिया किंवा तिची भावंडं. यांना खोड-पान असं काही नसतंच, सगळं अंगच एक चपटा थर. दाबल्या तर मातीत लगदा होतो. चाकूने थोड्या मातीसकट उचला, सावलीत वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवा. बघायच्या वेळी थोडं पाणी शिंपडलं की पुन्हा बऱ्यापैकी पसरतात.

साचलेल्या पाण्यावरचं डकवीड, हायड्रिला किंवा कुठलंही लुसलुशीत पाणवनस्पतीचं पातं पाण्याबाहेर काढलं की गोळा होऊन बसतं. बोटांनी पसरवायला जाल तर फाटेल. त्यासाठी ताट घ्या, त्यात दोन बोटं पाणी. नमुना पाण्यावर तरंगू द्या, जाड कागद तिरका करून खालून आत सरकवा, ब्रशने पाती पसरवा आणि कागद एका कडेने हळूहळू वर उचला. पाणी निथळेल तसा नमुना आपोआप कागदावर बसतो. वर पातळ सुती कापड टाका, मग टिपकागद आणि हलकं वजन. कापड पूर्ण सुकल्यावरच सोलून काढा, कोपऱ्यातून सुरुवात करून. पाती कागदाला स्वतःच्या चिकटपणाने धरून राहतात, गोंद बहुतेक वेळा लागत नाही.